'जाणे' या क्रियेची स्पॅनिश रूपे : 'इर' या अनियमित क्रियापदाची ओळख

स्पॅनिश ही वीस सार्वभौम देशांची राजभाषा आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक भाषा होय. तिची लिपी रोमन असल्याने अक्षरओळखीचा प्रश्न शहरी मराठी विद्यार्थ्यापुढे नसतो. उच्चारही अवघड नाहीत. स्पॅनिशमधील त आणि द हे इंग्रजीप्रमाणे ट-ड कडे झुकणारे नसून मराठीप्रमाणेच दंत्य आहेत. स्वर पाचच आणि तेही स्वच्छ. 'तू' हे सर्वनाम तर दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे. पहिले काही धडे त्यामुळे सहज पार पडतात. खरी अडचण सुरू होते ती क्रियापदांच्या रूपावलीपाशी, आणि त्यातही अनियमित क्रियापदांपाशी.

या अनियमित क्रियापदांत सर्वांत लहान आणि सर्वांत विलक्षण क्रियापद म्हणजे 'इर', अर्थात 'जाणे'. त्याचा वर्तमानकाळ 'बोय', भूतकाळ 'फुई' आणि भविष्यकाळ 'इरे'. ही तीन रूपे एकाच क्रियापदाची आहेत, हे प्रथम ऐकणाऱ्यास खरे वाटत नाही. त्यामुळे बहुतेक विद्यार्थी या रूपांचे तक्ते घोकतात आणि पुढे जातात. वास्तविक या रूपांमागे एक सुसंगत व्यवस्था आहे. ती समजण्याचे साधन मराठी भाषकाच्या हाती आधीच असते; मात्र स्पॅनिशचे शिक्षण इंग्रजीच्या माध्यमातून होत असल्याने ते साधन बहुधा वापरलेच जात नाही.

नियमित आणि अनियमित

स्पॅनिश क्रियापदांची मूळ रूपे आर, एर आणि इर या तीन प्रत्ययांपैकी एकाने संपतात. आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे खाणे, बिबिर म्हणजे जगणे किंवा राहणे. हा प्रत्यय काढला की उरतो तो धातू. त्याला पुरुष, वचन आणि काळ दाखविणारे प्रत्यय लावले की रूपे सिद्ध होतात. 'मी बोलतो' म्हणजे आब्लो, 'तू बोलतोस' म्हणजे आब्लास, 'आम्ही बोलतो' म्हणजे आब्लामोस. एका नियमित क्रियापदाची रूपे आली की त्या गटातील इतर नियमित क्रियापदांची रूपे आपोआप येतात.

'इर' या क्रियापदाची पहिली गंमत येथेच आहे. त्यातून इर हा प्रत्यय काढला तर मागे काहीच उरत नाही. हे क्रियापद म्हणजे जणू केवळ प्रत्ययच. त्यामुळे त्याची रूपे नेहमीच्या रीतीने साधता येत नाहीत आणि भाषेला ती अन्य ठिकाणांहून आणावी लागली आहेत.

रूपे पाहण्यापूर्वी उच्चाराविषयी एक खुलासा आवश्यक आहे. रोमन लिपीत ज्या रूपांच्या आरंभी इंग्रजी 'व्ही' हे अक्षर लिहिले जाते, त्याचा स्पॅनिश उच्चार 'ब' असा होतो. टेनिसपटू राफाएल नादाल याच्यामुळे जगभर पोचलेली 'वामोस' ही आरोळी स्पॅनिश तोंडी 'बामोस' अशीच उमटते. पुढील सर्व रूपे या उच्चारानुसार दिली आहेत.

वर्तमानकाळ

मी जातो : बोय
तू जातोस : बास
तो किंवा ती जाते : बा
आम्ही जातो : बामोस
तुम्ही जाता : बाइस
ते किंवा त्या जातात : बान

क्रियापदाच्या रूपावरून पुरुष आणि वचन स्पष्ट होत असल्याने सर्वनाम बहुधा गाळले जाते. लिंगभेद मात्र रूपात दिसत नाही. मराठीत 'मी जातो' आणि 'मी जाते' असा फरक करावा लागतो. स्पॅनिशमध्ये दोहोंसाठी 'बोय' हे एकच रूप पुरते.

आदरार्थी संबोधनाचीही नोंद घ्यावी. 'तू' हे जवळिकीचे सर्वनाम. परक्या किंवा वडीलधाऱ्या व्यक्तीसाठी 'उस्तेद' हे सर्वनाम वापरतात आणि त्यासोबत क्रियापद तृतीय पुरुषी ठेवतात. म्हणजे 'आपण जाता' यासाठी 'उस्तेद बा'. 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनाचा संक्षेप होऊन हे सर्वनाम बनले, म्हणून त्याचे क्रियापद तृतीय पुरुषात असते. 'बाइस' हे रूप मुख्यतः स्पेनमध्येच ऐकू येते. लॅटिन अमेरिकेत अनेकांना उद्देशून बोलताना 'उस्तेदेस बान' असेच म्हणतात.

प्रथमपुरुषी एकवचनाचा 'ओय' हा शेवट केवळ चार क्रियापदांत आढळतो : बोय (जातो), दोय (देतो), आणि 'मी आहे' या अर्थाची सोय व एस्तोय ही दोन रूपे. ही चार रूपे एकत्र लक्षात ठेवणे सोयीचे.

दोन भूतकाळ : 'गेलो' आणि 'जायचो'

स्पॅनिश शिकणाऱ्यांची सर्वाधिक दमछाक करणारा विषय म्हणजे तेथील दोन साधे भूतकाळ. 'इर'चा पहिला भूतकाळ असा :

मी गेलो : फुई
तू गेलास : फुइस्ते
तो गेला : फुए
आम्ही गेलो : फुइमोस
तुम्ही गेलात : फुइस्तेइस
ते गेले : फुएरोन

दुसरा भूतकाळ असा :

मी जायचो : इबा
तू जायचास : इबास
तो जायचा : इबा
आम्ही जायचो : इबामोस
तुम्ही जायचात : इबाइस
ते जायचे : इबान

इंग्रजी पाठ्यपुस्तक या दोहोंचा अर्थ बहुधा 'वेंट' असाच देते. मग कोणते रूप केव्हा वापरावे यासाठी नियमांची लांबलचक यादी पाठ करावी लागते : एकदाच घडलेली क्रिया, पूर्ण झालेली क्रिया, सवयीची क्रिया, पार्श्वभूमीची क्रिया इत्यादी. मराठी भाषकाला या यादीची गरज नाही. 'गेला' आणि 'जाई' यांतील भेद तो लहानपणापासून चुकल्यावाचून पाळत आलेला असतो. 'काल मी बाजारात गेलो' हे वाक्य 'आयेर फुई आल मेर्कादो' असे होते. 'लहानपणी मी शाळेत पायी जायचो' या वाक्यात मात्र 'इबा' हेच रूप येते. मराठी व्याकरणात ज्याला रीतिभूतकाळ म्हणतात, तो हाच. 'जाई', 'जात असे' आणि बोलीतील 'जायचा' ही त्याची तीन वळणे.

'इबा'चा आणखी एक उपयोग म्हणजे अपूर्ण भूतकाळ. 'मी बाजारात जात होतो, तेव्हा पाऊस सुरू झाला' हे वाक्य 'इबा आल मेर्कादो कुआन्दो एम्पेसो आ योबेर' असे होईल. जाणे चालू होते, म्हणून इबा. पाऊस एका क्षणी सुरू झाला, म्हणून एम्पेसो. थोडक्यात, मराठीत 'गेलो' म्हणावेसे वाटले तर फुई, आणि 'जायचो' किंवा 'जात होतो' म्हणावेसे वाटले तर इबा. या एका कसोटीवर बहुतेक वाक्यांचा निर्णय लागतो.

येथे चूक झाली तर ती केवळ व्याकरणाची राहत नाही. 'इबा आल मेदिको' म्हणजे 'मी डॉक्टरांकडे जायचो' किंवा 'जात होतो'. 'फुई आल मेदिको' म्हणजे 'मी डॉक्टरांकडे गेलो'. पहिल्या वाक्यात भेट झाली की नाही हे सांगितलेलेच नसते. रुग्णाची हकीकत, विम्याचा दावा किंवा साक्षीदाराचा जबाब अनुवादित करणाऱ्यास हा भेद सांभाळावाच लागतो.

स्पॅनिश भाषेत या दुसऱ्या भूतकाळात अनियमित असणारी क्रियापदे तीनच आहेत : इर (जाणे), सेर (असणे) आणि बेर (पाहणे). म्हणजे हा काळ तसा अत्यंत शिस्तीचा आहे.

'गेला' आणि 'होता' यांचे एकच रूप

'फुई' या रूपाचे एक कोडे अजून उरते. 'असणे' या अर्थाच्या 'सेर' या क्रियापदाचा पहिला भूतकाळही अगदी हाच आहे. फुई, फुइस्ते, फुए या रूपांचा अर्थ 'मी गेलो, तू गेलास, तो गेला' असाही होतो आणि 'मी होतो, तू होतास, तो होता' असाही. 'फुए आ माद्रिद' म्हणजे 'तो माद्रिदला गेला', तर 'फुए मेदिको' म्हणजे 'तो डॉक्टर होता'. व्यवहारात गोंधळ क्वचितच होतो, कारण जाण्याच्या अर्थी बहुधा 'आ' हे दिशा दाखविणारे अव्यय सोबत येते.

'असणे' आणि 'जाणे' एका रूपात कसे आले असावेत, याची कल्पना हिंदीच्या एका वाक्प्रयोगावरून येते. 'मैं दिल्ली हो आया' असे म्हणणारा मनुष्य 'होना' हे क्रियापद वापरून आपण दिल्लीला जाऊन आल्याचे सांगतो. एखाद्या ठिकाणी 'होतो' म्हणजे तेथे 'गेलो होतो', हा अर्थाचा प्रवास लॅटिनमध्येही झाला आणि पुढे स्पॅनिश व पोर्तुगीज या दोन्ही भाषांत स्थिरावला.

जुन्या स्पॅनिश पुस्तकांत 'फुई' आणि 'फुए' या रूपांवर आघातचिन्ह छापलेले आढळते. १९५९ पासून लागू झालेल्या लेखननियमांनी ते काढून टाकले. आजच्या लेखनात ते चिन्ह देणे ही चूक समजली जाते.

तीन मुळे, एक क्रियापद

'इर'ची रूपे तीन निरनिराळ्या लॅटिन क्रियापदांतून आली आहेत. 'इरे' म्हणजे जाणे, 'वादेरे' म्हणजे चालून जाणे किंवा पुढे सरणे, आणि 'एस्से' म्हणजे असणे. यांपैकी 'इरे'ची वर्तमानकाळातील काही रूपे एका अवयवाची आणि इतकी तोकडी होती की बोलताना ती हरवून जात. म्हणून लोकांच्या बोलण्यात त्यांची जागा 'वादेरे'च्या ठसठशीत रूपांनी घेतली, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. वाटणी अशी झाली :

वादेरेपासून : वर्तमानकाळ, त्यावर आधारलेला विध्यर्थ आणि एकवचनी आज्ञार्थ.
एस्सेपासून : पहिला भूतकाळ आणि त्यावर आधारलेला संकेतार्थ.
इरेपासून : मूळ रूप, दुसरा भूतकाळ, भविष्यकाळ आणि कृदन्ते.

ही वाटणी लक्षात आली की तक्त्यातील गोंधळ मावळतो. ब-ने आरंभ होणारी रूपे एका घराण्याची, फ-ने आरंभ होणारी दुसऱ्या आणि इ-ने आरंभ होणारी तिसऱ्या घराण्याची.

मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. मराठीतील 'जाणे' हे क्रियापदही असेच जोडलेले आहे. 'जातो', 'जाईल', 'जावे' ही रूपे संस्कृत 'या' धातूपासून, तर 'गेला' हे रूप 'गम्' धातूच्या 'गत' या कृदन्तापासून आले. इंग्रजीतही 'गो' आणि 'वेंट' ही दोन भिन्न क्रियापदांची रूपे आहेत. संस्कृत व्याकरणाला ही घटना पूर्वीच ठाऊक होती. 'अस्' धातूच्या जागी काही रूपांत 'भू' येतो आणि जाण्याच्या अर्थाच्या 'इ' धातूच्या जागी एका भूतकाळात 'गा' येतो, असे नियम पाणिनीने घालून दिले आहेत. अशा बदलाला तेथे 'आदेश' ही संज्ञा आहे.

नाते याहूनही जवळचे आहे. लॅटिन 'इरे' आणि संस्कृत 'इ' हे सजातीय धातू होत. उत्तरायण आणि दक्षिणायन या शब्दांतील 'अयन' याच 'इ' धातूपासून बनले आहे. लॅटिन 'फुई' आणि संस्कृत 'भू' यांचेही मूळ एकच; आणि मराठीतील 'होणे' व 'होता' ही रूपे त्या 'भू'चीच वंशज आहेत. 'फुए' या शब्दाचा एक अर्थ 'होता' असा सांगितला जातो, तेव्हा दूरच्या दोन भावंडांची गाठ पडत असते.

रूपे अनियमित असतात ती बहुधा रोजच्या वापरातल्या क्रियापदांचीच. क्वचित वापरली जाणारी क्रियापदे कालांतराने नियमांच्या साच्यात बसतात; जाणे, असणे, देणे, करणे यांची जुनी रूपे मात्र लहान मुलांच्या कानांवर दिवसातून शंभरदा पडतात आणि म्हणून टिकतात.

भविष्यकाळ आणि त्याचा पर्याय

भविष्यकाळात 'इर' हे संपूर्णपणे नियमित आहे. मूळ रूपालाच प्रत्यय लागतात :

मी जाईन : इरे
तू जाशील : इरास
तो जाईल : इरा
आम्ही जाऊ : इरेमोस
तुम्ही जाल : इरेइस
ते जातील : इरान

हे प्रत्यय म्हणजे मुळात 'आबेर' या साहाय्यक क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे होत. ती मूळ रूपाच्या मागे लागता लागता त्याला चिकटली.

मराठीत 'तो आता घरी असेल' हे वाक्य भविष्याविषयी नसून अंदाज व्यक्त करते. स्पॅनिश भविष्यकाळही नेमके हेच काम करतो; 'एस्तारा एन कासा' म्हणजे 'घरी असेल'.

रोजच्या बोलण्यात मात्र या काळापेक्षा दुसरी रचना अधिक ऐकू येते. 'इर'चे वर्तमानकाळी रूप, 'आ' हे अव्यय आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे मूळ रूप. 'बोय आ कोमेर' म्हणजे 'मी जेवणार आहे', 'बामोस आ आब्लार' म्हणजे 'आम्ही बोलणार आहोत' किंवा 'चला, बोलू या'. 'इर'चा वर्तमानकाळ पक्का झाला की कोणत्याही क्रियापदाचा व्यवहारोपयोगी भविष्यकाळ असा हाती येतो. अनियमित असूनही 'इर' सुरुवातीच्याच धड्यांत शिकवले जाते, ते यासाठी.

'जावे' आणि 'गेलो असतो'

काळांनंतर येतात ते 'अर्थ'. मराठी शालेय व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे क्रियापदाचे चार अर्थ शिकवले जातात. विध्यर्थाशी जुळणारी स्पॅनिश रूपे अशी : बाया, बायास, बाया, बायामोस, बायाइस, बायान.

'तू जावेस अशी माझी इच्छा आहे' हे वाक्य स्पॅनिशमध्ये 'किएरो के बायास' असे होते. शब्दशः पाहता ही मराठीचीच रचना आहे : इच्छा करणारा वेगळा, जाणारा वेगळा, आणि जाण्याचे क्रियापद विध्यर्थात. इंग्रजीत या ठिकाणी 'टु गो' असे कोरडे रूप येते. म्हणून इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी विध्यर्थ विसरतो, तर मराठीतून विचार करणाऱ्यास तो आपसूक सुचतो. 'ओहाला बाया' म्हणजे 'तो जावो, म्हणजे बरे होईल'. यातील 'ओहाला' हा शब्द स्पेनमधील अरबी राजवटींच्या काळातला असून त्याचा उगम 'ईश्वराची इच्छा असेल तर' अशा अर्थाच्या अरबी शब्दसमूहात आहे.

संकेतार्थासाठी दोन रूपमाला लागतात. अट सांगणारी रूपे फुएरा, फुएरास, फुएरा, फुएरामोस, फुएराइस, फुएरान अशी असतात. फुएसे, फुएसेस अशी पर्यायी मालाही प्रचारात आहे. परिणाम सांगणारी रूपे इरीआ, इरीआस, इरीआ, इरीआमोस, इरीआइस, इरीआन अशी. पहिली माला बनविण्याचा नियम निरपवाद आहे : पहिल्या भूतकाळातील 'ते'चे रूप घ्यावे, शेवटचे 'रोन' काढावे आणि 'रा' जोडावे. फुएरोनवरून फुएरा हे असे सिद्ध होते. स्पॅनिशमधील एकही क्रियापद या नियमाला अपवाद नाही.

दोन ठिकाणी मात्र मराठीचे बोट सोडावे लागते. 'वेळ असता तर गेलो असतो' हे मराठी वाक्य आजच्या परिस्थितीलाही लागू पडते आणि गेल्या वर्षीच्याही. स्पॅनिश हे दोन प्रसंग काटेकोरपणे वेगळे ठेवते. आजविषयी 'सि तुबिएरा तिएम्पो, इरीआ'. होऊन गेलेल्या प्रसंगाविषयी 'सि उबिएरा तेनिदो तिएम्पो, आब्रीआ इदो'. दुसरा प्रसंग सांगितलेल्या बोलण्याचा. मराठीत 'तो म्हणाला, की मी जाईन' असे मूळ शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. स्पॅनिशमध्ये पुरुष आणि काळ दोन्ही बदलून 'दिहो के इरीआ' असे म्हणावे लागते.

आज्ञार्थ आणि एका रूपाला मिळालेली मान्यता

'जा' यासाठी बे, 'आपण जावे' यासाठी बाया, 'चला' यासाठी बामोस आणि अनेकांना उद्देशून स्पेनमध्ये इद. नकारात मात्र 'बे' चालत नाही. तेथे विध्यर्थ येतो आणि 'नो बायास' असे म्हणतात. मराठीतही 'जा'च्या आधी 'न' लावून भागत नाही. 'जाऊ नकोस' अशी वेगळी रचना करावी लागते.

अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'बोस' हे सर्वनाम रूढ आहे आणि त्याच्यासाठी 'इर'चा आज्ञार्थच नाही. तेथे 'आन्दार' म्हणजे चालणे या क्रियापदाचे 'आन्दा' हे रूप उसने घेतात. तीन मुळांच्या या क्रियापदाला तेथे चौथे मूळ मिळाले आहे.

'निघून जा' या अर्थाचे अनेकवचनी रूप व्याकरणानुसार 'इदोस' असे होते. स्पेनमधील सुशिक्षित लोकही प्रत्यक्षात 'इरोस' असेच म्हणत. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश राजकीय भाषा अकादमीने २०१७ मध्ये 'इरोस' हे रूपही ग्राह्य ठरविले, तेव्हा तेथे मोठा वाद झाला. भाषेचे नियम लोकांच्या जिभेवर ठरतात की कोशात, हा वाद मराठी वाचकालाही अनोळखी नाही.

संयुक्त काळ

संयुक्त काळांत 'इर'चे केवळ 'इदो' हे कृदन्त वापरले जाते आणि 'आबेर' हे साहाय्यक क्रियापद चालविले जाते. 'गेलो आहे' म्हणजे ए इदो, 'गेला आहे' म्हणजे आ इदो, 'गेलो होतो' म्हणजे आबीआ इदो, 'गेलो असेन' म्हणजे आब्रे इदो. या रचनेत 'इदो' बदलत नाही. स्त्री गेली तरी इदो आणि अनेक गेले तरी इदो. मराठी भाषकाची जीभ येथे 'गेली'च्या धर्तीवर 'इदा' म्हणू पाहते, ते टाळले पाहिजे. चालू क्रियेसाठी 'येन्दो' हे दुसरे कृदन्त आहे.

स्पेनमध्ये आज सकाळी घडलेल्या गोष्टीसाठी बहुधा 'ए इदो' म्हणतात, तर लॅटिन अमेरिकेच्या बहुतांश भागांत त्याच ठिकाणी 'फुई' ऐकू येते. दोन्ही शुद्ध होत. शिकणाऱ्याने एक वळण निवडून ते पाळावे.

'येतो' म्हणून जाणे, 'जातो' म्हणून येणे

रूपे बिनचूक आली तरी प्रसंग चुकू शकतो. मराठी घरांत निरोप घेताना 'जातो' म्हणणे अशुभ मानतात. निघणारा 'येतो' म्हणतो. स्पॅनिशमध्ये असा संकेत नाही. निघणारा सरळ 'मे बोय' म्हणतो. 'इर'ला आत्मवाचक सर्वनाम जोडले की 'निघून जाणे' असा अर्थ होतो. 'फुए' म्हणजे गेला, 'से फुए' म्हणजे निघून गेला.

याउलट कोणी हाक मारली तर मराठी मनुष्य 'आलो, आलो' म्हणतो. स्पॅनिश मनुष्य त्याच वेळी 'या बोय' म्हणजे शब्दशः 'आता जातो' असे उत्तर देतो. स्पॅनिशमध्ये 'येणे' हे बोलणाऱ्याच्या ठिकाणाकडेच होते. बोलणारा स्वतः दुसऱ्याकडे निघाला असेल तर ते 'जाणे'च. हाकेला 'बेन्गो', म्हणजे 'येतो', असे उत्तर दिल्यास बहुतेक ठिकाणी ऐकणारा बुचकळ्यात पडतो.

गोव्यातील पोर्तुगीज

१९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या गोव्यात जुन्या पिढीतील अनेकांचे शिक्षण पोर्तुगीजमधून झाले. त्या भाषेतही जाण्याचे क्रियापद 'इर' हेच असून त्याची रूपे याच तीन मुळांची आहेत. 'फुई' दोन्ही भाषांत समान आहे. 'इबा'ऐवजी पोर्तुगीजमध्ये 'इआ' म्हणतात. लॅटिन 'ईबाम' या रूपातील 'ब' स्पॅनिशने राखला, पोर्तुगीजने गाळला. घरात पोर्तुगीज ऐकलेल्या गोमंतकीयास म्हणून स्पॅनिश रूपावली निम्मी ओळखीची वाटते.

अभ्यासाचा क्रम

हे क्रियापद शिकताना प्रथम वर्तमानकाळ आणि 'बोय आ' ही भविष्यदर्शक रचना पक्की करावी. त्यानंतर फुई आणि इबा यांच्या माला शेजारी शेजारी लिहून प्रत्येक वाक्य आधी मराठीत म्हणून पाहावे. तिसऱ्या टप्प्यात बाया आणि फुएरा ही रूपे 'जावे' आणि 'गेलो असतो' यांच्या आधारे शिकावीत. भविष्यकाळ व संयुक्त काळ नियमित असल्याने त्यांना फारसा वेळ लागत नाही.

स्पॅनिश भाषेचे पहिले छापील व्याकरण आन्तोनियो दे नेब्रिहा याने १४९२ साली सिद्ध केले. मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ मध्ये आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. रीतिभूतकाळ, विध्यर्थ आणि संकेतार्थ या संज्ञा शाळेत परीक्षेपुरत्या पाठ केल्या जातात आणि नंतर विस्मरणात जातात. स्पॅनिश शिकू इच्छिणाऱ्याने त्या पुन्हा एकदा चाळाव्यात. इंग्रजी पाठ्यपुस्तकातील नियमांची पाने त्यामुळे बरीच कमी होतील.